सिलंबम शिकताय? आधी पाय
काठी गरगर फिरवायची घाई समजू शकतो, पण सिलंबम, म्हणजे तमिळ काठीची युद्धकला, उभं राहतं ते पावलांवर. तमिळनाडूत या पावलांना कालडी म्हणतात. आसान, म्हणजे गुरू, सुरुवातीला तीच घोटून घेतील. कंटाळू नका.

काठी हलक्या वेताची घ्या, जमिनीवर उभी केली की कपाळापर्यंत येईल अशी. जाडजूड बांबूनं मनगट धरतं.

नवखे हमखास करतात ते:
- मूठ आवळणं. सैल धरा, काठी हातात फिरली पाहिजे.
- काठीकडेच बघत राहणं. नजर समोर.
- डावा हात विसरणं.

आपली लाठीकाठी खेळला असाल तर मनगट तयार असेल, तरी पावलं नव्यानंच शिका. हरणाच्या शिंगांचं शस्त्र मडू, लवचिक तलवार वगैरे इतक्यात नकोच. आणि घरात पंख्याखाली सराव तर मुळीच नको!