एखादी बिअर शहराची ओळख कशी बनते? आपल्या इंदूरची अशी बिअर का नाही?

चेक देशातलं पिल्सन, जर्मनीतलं कोलोन, आयर्लंडातलं डब्लिन ही नावं घेऊन तुम्ही विचारलंय की हा सगळा तिथल्या पाण्याचा गुण आहे का, आणि तसं असेल तर नर्मदेच्या पाण्यावर इंदूरची बिअर का होऊ नये. पाण्याचं उत्तर लवकर देऊन टाकतो, कारण खरं दुखणं दुसरीकडे आहे.

एकेकाळी पाणी पुष्कळ काही ठरवायचं. पिल्सनचं पाणी इतकं मऊ की लिटरमागे कॅल्शियम जेमतेम 10 मिलिग्रॅमच्या आसपास. त्यात फिका माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) चालतो आणि हॉप्स या कडू फुलांचा कडवटपणा घशाला खरवडत नाही. इंग्लंडातल्या बर्टनच्या विहिरींत जिप्सम भरपूर, म्हणून तिथली 'पेल एल' ही फिकी बिअर कोरडी आणि तिखट कडू. म्युनिकच्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त. तसल्या पाण्यात फिक्या माल्टचा मॅश, म्हणजे माल्ट आणि गरम पाण्याचा घोळ, आंबट व्हायला तयार नसतो, मग भाजलेला गडद माल्ट घालून त्याच्या आम्लतेवर काम भागवायचं. गडद बिअर तिथे रुजली ती अशी.

पण पिल्सनचीच गोष्ट नीट बघा. 1838 मध्ये तिथल्या लोकांनी खराब निघालेली 36 पिंपं टाऊन हॉलसमोर ओतून दिली. ती बिअरही त्याच मऊ पाण्याची होती! मग बिअर बनवायचा हक्क असलेल्या नागरिकांनी मिळून नवा कारखाना काढला, बव्हेरियातून योझेफ ग्रोलला बोलावलं, आणि 5 ऑक्टोबर 1842 ला थंडीत मुरणाऱ्या यीस्टची, फिक्या माल्टची पहिली बॅच लागली. पाणी जुनंच, पद्धत आणि यीस्ट नवं. डब्लिनच्या जड पाण्यामुळे काळी बिअर झाली असं सगळे सांगतात, पण गिनेसचं, म्हणजे तिथल्या प्रसिद्ध काळ्या बिअरचं, पाणी विकलोच्या डोंगरांतून येतं आणि ते मऊ आहे.

आपल्याकडचं सांगायचं तर नर्मदेचं पाणी जलूदहून पंपांनी चढवून येतं, ते क्लोरीन मारलेलं असतं. माळव्याच्या काळ्या दगडातलं बोअरचं पाणी जड. उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की टाकीत दोन्हीची खिचडी, आणि मार्चचं पाणी मे महिन्यात राहत नाही. म्हणून कुणी शहाणा माणूस यावर थेट बिअर लावत नाही. आधी कार्बन फिल्टर, कारण क्लोरीन आणि माल्टमधले फिनॉल एकत्र आले की बिअरला दवाखान्याचा वास येतो आणि तो कशानंच जात नाही. मग आर.ओ. आणि वरून क्षार. 500 लिटरला 60 ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड आणि 40 ग्रॅम जिप्सम घातलं की कॅल्शियम लिटरमागे 50 मिलिग्रॅमच्या घरात येतं. मॅशचा पीएच (आम्लतेचं माप) 5.2 ते 5.5 मध्ये बसेपर्यंत थेंबाथेंबानं लॅक्टिक ॲसिड. क्षारांचं माप बदललं की हव्या त्या शहराचं पाणी इंदुरात आणि इंदूरचं पिल्सनमध्ये. म्हणजे ओळख पाण्यात असती तर ती शंभरेक रुपयांच्या पुडीत मिळाली असती.

मग ओळख येते कुठून? कोलोन बघा. तिथल्या बिअरला क्योल्श हे नाव पहिल्यांदा लागलं ते 1918 मध्ये, म्हणजे पार पुरातन वगैरे काही नाही. तिथे दोन गोष्टी झाल्या. एक, ग्लास. 200 मिलिलिटरचा सरळ, अरुंद, 'श्टांगं' म्हणतात त्याला. वाढपी, म्हणजे 'क्योबेस', ग्लास रिकामा झाला की न विचारता दुसरा ठेवतो आणि खालच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं रेघ मारतो. तुम्ही तो पुठ्ठा ग्लासवर झाकलात की थांबतो. ग्लास लहान असल्यामुळे बिअर कधी कोमट होत नाही, फेस कधी बसत नाही. दुसरी गोष्ट करार. 1986 मध्ये 24 कारखान्यांनी सही करून ठरवलं की क्योल्श म्हणजे फिकी, वर तरंगून आंबवणाऱ्या यीस्टची, गाळून नितळ केलेली आणि कोलोनच्या परिसरातच बनलेली. 1997 मध्ये युरोपनंही ते नाव राखीव केलं. शिवाय 40 किलोमीटरवर ड्युसेलडॉर्फ आहे, तिथे गडद आल्टबिअर पितात आणि कोलोनच्या नावानं नाक मुरडतात. शेजारच्या शहराशी भांडण हा या कृतीतला एक घटकच समजा. आपल्याला तर भोपाळ आयतं मिळालेलं आहे.

नाव गावातून हललं की काय होतं तेही बघण्यासारखं आहे. इंग्लंडातली न्यूकॅसल ब्राऊन एल ही बिअर 1927 ची. लेबलवरच्या निळ्या ताऱ्याची पाच टोकं म्हणजे तिथले पाच मूळ कारखाने. 2000 मध्ये तिला युरोपचं भौगोलिक संरक्षण मिळालं. पुढे कंपनीनं कारखाना नदीपलीकडे गेट्सहेडला नेला आणि ते संरक्षण तिलाच अर्ज करून काढून घ्यावं लागलं. नुसती टाईन नदी ओलांडली, बस्स. अमेरिकेत 'जिनं मिल्वॉकीला प्रसिद्ध केलं ती बिअर' असं बिरुद मिरवणाऱ्या श्लिट्झनं 1970 च्या दशकात आंबवण्याचे दिवस कापले, माल स्वस्त केला, गढूळपणा लपवायला नवनवी रसायनं घातली. 1976 मध्ये बाटलीत पांढरे तुकडे तरंगायला लागले. 1981 मध्ये मिल्वॉकीचा कारखानाच बंद.

आता इंदूर. हा प्रश्न वाचून मी लिहायला बसलो त्याचं कारण जिरावण, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला.

विजय नगरच्या बाजूच्या एका ब्रूपबच्या (जिथे बिअर बनते तिथेच विकतात) मालकांना रंगपंचमीच्या गेरच्या, म्हणजे मिरवणुकीच्या, आधी 'इंदुरी बिअर' काढायची होती. कल्पना त्यांचीच, जिरावण घालायचं. मुद्दा वरवर बिनतोड वाटेल असा: गोस्लार-लाइपझिगच्या 'गोझं' बिअरमध्ये मीठ आणि धने चालतात, मग आपलं जिरावण का नको? मी म्हटलं, आधी 20 लिटर लावून बघू. उत्तर आलं, "भिया, टाइम नहीं है." 500 लिटर थेट. 85 किलो पिल्सनर माल्ट, 15 किलो गव्हाचा माल्ट, आणि उकळीच्या शेवटच्या दहा मिनिटांत दीड किलो जिरावण.

पहिला घोटाळा नळीतच. जिरावण असतं मैद्यासारखं बारीक. व्हर्लपूलमध्ये, म्हणजे रस गोल फिरवायच्या टाकीत, हॉप्सचा गाळ मध्यभागी बसतो, ही भुकटी बसत नाही. ती गेली सरळ प्लेट-चिलरमध्ये, म्हणजे रस थंड करायच्या यंत्रात, आणि पट्ट्यांच्या फटी बुजल्या. जो वर्ट (न आंबलेला गोड रस) पाऊण तासात 18 अंशांवर यायचा त्याला अडीच तास लागले. पिल्सनर माल्टचा वर्ट उकळी बंद करून गरम ठेवला की त्यात डीएमएस हे गंधकाचं द्रव्य बनत राहतं. उघड्या उकळीत ते वाफेबरोबर उडून जातं, नंतर मात्र आतच राहतं. त्याचा वास उकडलेल्या मक्याचा. थोडक्यात, जिरावणाच्या आधी भुट्ट्याचा कीस तयार झाला.

दुसरा घोटाळा काळ्या मिठाचा, आणि तो जास्त वाईट. काळ्या मिठात सल्फाइड असतात. कोरड्या पोह्यांवर ती चटपटीत लागतात. बिअरचा पीएच 4.3 च्या आसपास, त्या आम्लात सल्फाइडचा हायड्रोजन सल्फाइड होतो आणि वर येणारे बुडबुडे तो नेमका नाकाशी आणून सोडतात. उकडलेल्या अंड्याचा वास. यीस्ट बिघडलं की हाच वास येतो, त्यामुळे जाणकार गिऱ्हाईक पहिल्या घोटाला ग्लास परत करतं आणि अजाण गिऱ्हाईक दुसऱ्या. वर हिंग, तेही गंधकाचंच घराणं. मसाले भाजताना लागलेलं आणि त्यांचं स्वतःचं तेल फेसाचे प्रथिनांचे पडदे फोडतं. ग्लास टेबलावर पोचेपर्यंत फेस गायब, आणि मिरचीचा तिखटपणा हॉप्सच्या कडवटपणावर चढून बसलेला.

500 लिटर गटारात. त्यानंतर चिलर उलट्या दिशेनं 2 टक्के कॉस्टिक सोड्यानं 80 अंशांवर तासभर फिरवला, प्लेटा निघाल्या स्वच्छ, पण रबरी गॅस्केटांनी हिंगाचा वास सोडला नाही. पुढच्या साध्या लागर बिअरलाही तो आला, तेव्हा सगळी गॅस्केटं आणि होज बदलावे लागले. त्या बॅचचं यीस्ट तर पुन्हा वापरण्याचा प्रश्नच नव्हता.

मालकांचं आजही म्हणणं आहे की प्रमाण चुकलं. प्रमाण चुकलं नाही, जागा चुकली. इंदुरात जिरावण कुणी पोह्यात शिजवतं का? वरून भुरभुरतात, तेही खाणाऱ्याच्या हातानं. 'गोझं'मध्ये मसाला म्हणून दोनच गोष्टी असतात: लिटरमागे सुमारे एक ग्रॅम साधं, आयोडीन नसलेलं मीठ आणि तेवढेच अर्धवट कुटलेले अख्खे धने, मलमलच्या पिशवीत बांधून शेवटची पाच मिनिटं. पिशवी काढली की गाळाची कटकट संपली. जिरावण सोबतच्या शेंगदाण्यांवर घाला. ग्लासच्या काठावर लावलंत तरी फेस बसेल.

इंदूरची बिअर करायचीच असेल तर मी मालवी गव्हापासून सुरुवात करीन. बाफल्यांना, म्हणजे उकडून भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांना, लागतो तोच कडक गहू, माल्ट न करता, 15 टक्के, जाडसर दळून. गव्हाला टरफल नसतं, म्हणून मॅश चिखलासारखा बसतो आणि वर्ट खाली उतरत नाही. त्यावर उपाय साळीचा तूस: 100 किलो धान्याला 3-4 किलो, धुऊन, मॅशमध्ये मिसळून. मॅश 65 अंशांवर तासभर, बिअर साडेचार-पाच टक्क्यांची, 16-17 अंशांवर आंबवून पुढे 1-2 अंशांवर तीन आठवडे मुरवायची. घाई केली की हिरव्या सफरचंदाचा वास राहतो. आणि ग्लास 250 मिलिलिटरचा, त्याहून मोठा नाही. मे महिन्यात 42 अंशांत जी दीड-दोन लिटरची 'टॉवर' टेबलावर ठेवतात ती बिअरशी वैर आहे. शेवटचा अर्धा लिटर कोमट आणि वायू गेलेला, तरी लोक पैसे वसूल म्हणून पितात. ती टॉवर आहे तोवर कुठल्याच बिअरला इथे नाव मिळणार नाही, मग आत काहीही ओता.

दुसरी अडचण अबकारीची. दर राज्यात लेबलची वेगळी नोंदणी, परराज्यातून माल आणायचा तर वेगळा कर. म्हणून मोठ्या कंपन्या तोच ब्रँड दहा राज्यांत दहा कारखान्यांत बनवतात आणि बाटलीचं कुठल्याच गावाशी नातं उरत नाही. इंदूर जिल्ह्यात बिअर बनते, पण ती पिऊन कुणाला इंदूर आठवत नाही. शिवाय कोलोनमध्ये त्या हॉलात आजी-नातू शेजारी बसून जेवतात. आपला सराफा, म्हणजे रात्रीचा खाऊबाजार, रात्री दोनला भरलेला असतो तो शिकंजीवर, आणि ती आटीव दुधाची घट्ट शिकंजी शहराची ओळख बनून बसलीच आहे. तिच्या तोडीला बिअर आणायची तर बिअरला घरच्यांसमोर प्यायची सोय लागेल, आणि ती अबकारी खात्याच्या हातात नाही.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. परवान्याशिवाय घरी बिअर लावणं गुन्हा आहे, वरची मापं परवानाधारक ब्रूपबसाठी आहेत. मध्य प्रदेशात वय 21 लागतं. 'माळव्याची बिअर' असं मोठं नाव घ्यायचा विचार असेल तर 1 एप्रिल 2025 पासून माळव्यातलं उज्जैन धरून राज्यातल्या 19 धार्मिक ठिकाणी दारूबंदी आहे, तेव्हा इंदूरवरच थांबा. कॅल्शियमचा हिशोब आर.ओ.चं पाणी जवळजवळ शून्य क्षारांचं धरून केलाय. मेंब्रेन जुना असेल तर आधी टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजा, 30 च्या वर दिसला तर जिप्सम निम्मं करा आणि पीएच मॅश लागल्यावर दहा मिनिटांनी, नमुना थंड करून बघा. गरम नमुन्यात मीटर चुकीचा आकडा दाखवतो आणि माणूस उगाच ॲसिड कमी-जास्त ओततो.