एंजल फायरचं व्हिएतनाम स्मारक उद्यान सरकारनं बांधलं का?
नाही. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या या टेकडीवरचं स्मारक एका कुटुंबानं स्वतःच्या हातांनी उभारलं.

डेव्हिड वेस्टफॉल हा अमेरिकेच्या मरीन दलातला अधिकारी २२ मे १९६८ रोजी व्हिएतनाम युद्धात मारला गेला. त्याच्यासोबतचे इतर अनेक सैनिकही त्याच हल्ल्यात गेले. वडील व्हिक्टर, आई जीन आणि भाऊ वॉल्टर यांनी ठरवलं की एकट्या डेव्हिडची नव्हे, त्या सगळ्यांचीच आठवण जपायची. डेव्हिडच्या विम्याचे पैसे त्यांनी यात घातले. मुलाच्या मृत्यूपोटी आलेल्या पैशातून रोज वीट रचायची, हे कसं झेपलं असेल, असं मला कायम वाटतं.

आकाशाकडे झेपावणारी वळणदार भिंत असलेलं पांढरं चॅपेल (छोटं प्रार्थनागृह) २२ मे १९७१ रोजी, बरोबर तिसऱ्या स्मृतिदिनी, खुलं झालं. युद्ध तेव्हा चालूच होतं, आणि वॉशिंग्टनमधली, या युद्धात गेलेल्यांच्या नावांची प्रसिद्ध काळी भिंत व्हायला अजून ११ वर्षं होती! खर्चाची ओढाताण मात्र पुढेही अनेक वर्षं राहिली. व्हिक्टर २००३ मध्ये गेले. ते आणि जीन तिथेच विसावले आहेत. २००५ मध्ये राज्यानं हे स्मारक ताब्यात घेऊन राज्य उद्यान केलं.