पेद्रोने आपटलेले ते आजोबा कोण?

प्रश्न (एक वाचक, सांगली): नमस्कार. मुलगा बॉस्टनला असतो, त्याच्यामुळे मलाही पहाटे उठून बेसबॉल बघायचा नाद लागलाय. परवा यूट्यूबवर जुनी क्लिप दिसली, यांकीजचे एक टकले, गोलगरगरीत आजोबा रेड सॉक्सच्या पेद्रो मार्टिनेझच्या अंगावर धावून जातात आणि तो त्यांचं डोकं धरून त्यांना खाली पाडतो. मुलगा म्हणे ते कोच होते, खेळाडू म्हणून मात्र अगदीच साधे, सारखी टीम बदलणारे. मग असा माणूस यांकीजसारख्या टीमला काय शिकवणार?

उत्तर: ते डॉन झिमर. क्लिप २००३ च्या ऑक्टोबरमधली, तेव्हा त्यांचं वय ७२. दुसऱ्या दिवशी त्यांनी रडत रडत सगळ्यांची माफी मागितली, पण लोकांना आठवतं ते फक्त आपटणं, आणि मला याचाच राग येतो.

मुलगा चुकीचं सांगत नाहीये. बारा सीझन खेळून ॲव्हरेज ०.२३५, म्हणजे शंभर ॲट-बॅटमध्ये (बॅटिंगच्या पाळ्यांमध्ये) तेवीस-चोवीस हिट, म्हणजे बॉल मारून बेस गाठणं. ब्रुकलिन डॉजर्स, कब्स, मेट्स, रेड्स, परत डॉजर्स, मग वॉशिंग्टन, आणि तिथलंही संपल्यावर १९६६ ला थेट जपानमध्ये तोएई फ्लायर्सकडे. पण ही यादी वाचताना १९५३ विसरू नका. मायनर लीगमध्ये (मेजर लीग या मुख्य स्पर्धेच्या खालच्या पातळीवर) होमरनमागून होमरन (क्रिकेटच्या सिक्सरसारखा फटका) मारत असताना एक बॉल डोक्यात बसला (हेल्मेट तेव्हा सक्तीचं नव्हतं), जवळजवळ दोन आठवडे शुद्ध नाही, कवटीला भोकं पाडावी लागली आणि ती धातूच्या बटणांनी बुजवली. आपले क्रिकेट कॅप्टन नरी कॉन्ट्रॅक्टर यांना १९६२ मध्ये बार्बाडोसला बॉल लागला आणि ते पुन्हा टेस्ट खेळले नाहीत, झिमर मात्र पुढच्याच वर्षी डॉजर्सकडून मेजर लीगमध्ये उतरले. १९५६ ला परत एक बॉल, या वेळी गालाचं हाड मोडलं. तरी खेळतच राहिले.

आता शिकवायचं काय, तर माझं मत असं की ज्याला सगळं सहज जमतं त्याला ते कसं जमतं हे सांगता येतंच असं नाही, आणि ज्याची जागा रोज धोक्यात असते तो बाकावर बसून समोरच्या पिचरची (बॉल टाकणाऱ्याची), मॅनेजरची (बेसबॉलमध्ये मॅचचे निर्णय घेणारा मुख्य कोच), कोण कधी पळणार याची बारीक नोंद ठेवतो कारण त्याच्याकडे दुसरं भांडवलच नसतं. झिमरनी त्याच भांडवलावर चाळीसेक वर्षं काढली. पाद्रेस, रेड सॉक्स, रेंजर्स, कब्स अशा चार टीमचे मॅनेजर झाले, १९८९ ला कब्सना डिव्हिजन (लीगमधला त्यांचा गट) जिंकून दिली आणि मॅनेजर ऑफ द इयर ठरले.

मार पण खाल्ला हो. १९७८ ला त्यांची रेड सॉक्स टीम यांकीजच्या १४ गेम पुढे होती, ती आघाडी गेली, बरोबरी झाली आणि निकालासाठी खेळलेल्या एका जादा गेममध्ये यांकीजच्या बकी डेंटच्या होमरनने सगळं बुडवलं. गंमत पुढे आहे, १९८३ ला झिमर यांकीजचे कोच झाले आणि भाड्याने घर घेतलं ते नेमकं बकी डेंटचं! भिंतीवर त्याच होमरनचे फोटो, ते म्हणे उलटे करून ठेवायचे.

यांकीजकडे त्यांचा खरा काळ १९९६ ते २००३, बेंच कोच, म्हणजे मॅनेजरच्या शेजारी बसून सल्ला देणारा मदतनीस म्हणून. जो टोरी शांत डोक्याचा मॅनेजर, शेजारी हे, म्हणजे आत्ता रनर पळव, आत्ता हिट अँड रन (बॉल पडताच रनर पळतो आणि बॅटरने तो मारायचाच) लाव अशी रिस्क घ्यायला लावणारा माणूस. चार वर्ल्ड सीरिज (सीझनची अंतिम लढत) जिंकल्या त्या काळात. १९९९ च्या सुरुवातीला टोरींचं कॅन्सरचं ऑपरेशन झालं तेव्हा ३६ गेम यांनीच टीम सांभाळली, २१ जिंकले, १५ हरले. २००३ नंतर मालक स्टाइनब्रेनरशी फाटलं म्हणून ते टॅम्पा बे कडे सल्लागार म्हणून गेले आणि २०१४ मध्ये वारले तोपर्यंत तिथेच होते, दरवर्षी जर्सीचा नंबर एकने वाढवत, बेसबॉलमध्ये जितकी वर्षं तितका नंबर. शेवटचा ६६.

मुलाला पेद्रोच्या क्लिपऐवजी १९९९ च्या प्लेऑफचा फोटो शोधून पाठवा. डगआउटमध्ये (मैदानाकडेच्या टीमच्या बाकांवर) बसले असताना फाउल बॉल (रेषेबाहेर गेलेला फटका) डोक्याला लागला, तर पुढच्या गेमला हे मिलिटरीचं हेल्मेट घालून हजर!