मंगळवारची रात्र बघून ये

चि. यास अनेक उत्तम आशीर्वाद.

(मराठी शाळेत पत्राचा मायना शिकवला होता, तो आठवत असेल तर एक मार्क तुझा.)

तुझी बारा कॉलेजांची यादी तुझ्या आईने मला पाठवली. सगळी लहान, लिबरल आर्ट्सवाली, हजार-दोन हजार मुलांची, जिथे रसायनशास्त्र घेणाऱ्या मुलालाही तत्त्वज्ञानाच्या वर्गात बसावं लागतं. यादीखाली तिने लिहिलं होतं, "अभ्यासाची काळजी नाही हो ताई. पण हा कुणाशी बोलत नाही. तिथे ह्याला कोण विचारणार?"

मी तिला अजून उत्तर दिलेलं नाही. तुलाच लिहिते.

तू माझ्या मराठी शाळेत आलास तेव्हा नऊ वर्षांचा होतास. सहा महिने शेवटच्या बाकावर, तोंडातून शब्द नाही. गणपतीच्या नाटकात कुठलंच काम नको म्हणालास, म्हणून मी तुला पडदा ओढायला लावलं. तिसऱ्या तालमीला बघते तर तू विंगेत उभा राहून चौघांना त्यांची वाक्यं आठवून देतोयस, आणि समोसे कुणी जास्त उचलले यावरून भांडतोयस. माणसं तुला नको असतात असं नाहीच मुळी. तुला निमित्त लागतं. हातात काही काम असलं की तू बोलतोस, आणि "जा, ओळख करून घे" असं कुणी म्हटलं की गोठतोस. यात जगावेगळं काही नाही. हळदीकुंकू, बारसं, कोजागिरी ही सगळी कशासाठी आहेत? उगाच कुणाच्या दारात जायला आपल्याला लाज वाटते, म्हणूनच ना?

तेव्हा यादी पुन्हा वाच, पण वेगळ्या नजरेने. "तिथली मुलं छान आहेत का" हे विचारू नकोस, ती सगळीकडे छान असतात. ज्याला स्वतःहून पुढे होता येत नाही अशा मुलासाठी तिथे रोजची, आयती निमित्तं किती आहेत, ते बघ.

हे मी कुठून सांगते? न्यू जर्सीला यायच्या आधी एकोणीस वर्षं मी ओहायोतल्या एका लहान कॉलेजच्या ग्रंथालयात, दारासमोरच्या टेबलावर बसत होते. कोण कुणाबरोबर येतं, कोण ऑक्टोबरपर्यंत एकटं येतं आणि नोव्हेंबरात तिघांबरोबर, हे त्या टेबलावरून दिसतं. डीनच्या खोलीतून दिसत नाही.

आता निमित्त म्हणजे काय, ते तुझ्या यादीतल्याच नावांवरून सांगते.

मिनेसोटातल्या नॉर्थफील्ड गावात कार्लटन आहे. तिथे डेसी मोझेस नावाच्या बाईंचं घर आहे. त्या कॉलेजातच नोकरीला होत्या. मुलं त्यांच्या स्वयंपाकघरात येऊन बसायची, आणि त्यांच्या माघारी ते घर कॉलेजकडे आलं. आजही मुलं तिथे जाऊन कुकीज भाजतात. पीठ, साखर, लोणी घरातच असतं, आपण भाजायच्या आणि भांडी घासून ठेवायची. विचार कर, जानेवारीत बाहेर उणे वीस आणि आत ओव्हन पेटलेला. तिथे शेजारी उभ्या असलेल्या मुलीशी बोलायला तुला विषय शोधावा लागेल का? "लोणी संपलं का?" एवढं पुरे.

ओबर्लिन तू सहाव्या नंबरावर ठेवलंयस. संगीतामुळे ठेवलं असशील, ते ठीकच. पण तिथे सहकारी स्वयंपाकघरं आहेत, मुलांनीच चालवलेली, ती बघ. दर आठवड्याला ठरलेले तास भाजी चिरायची, डाळ शिजवायची, भांडी उचलायची. पन्नास-साठ जणांसाठी कांदा चिरताना कुणी गप्प बसत नाही, हे पंगतीचा स्वयंपाक पाहिलेल्या कुणालाही ठाऊक असतं.

सेंट जॉन्स (अ‍ॅनापोलिस आणि सँटा फे, दोन गावांत एकच कॉलेज) याच्या अगदी उलट्या बाजूने तेच साधतं. सगळ्यांचा अभ्यासक्रम जवळजवळ एकच, सगळे तीच पुस्तकं वाचतात. जेवायला बसल्यावर विषय आयता असतो. फक्त तुला प्लेटो चार वर्षं झेपेल का, ते तू ठरव. मला झेपला नसता.

आणि हॅवरफर्ड. ते यादीत शेवटी टाकलंयस, ते बहुधा तुझ्या बाबांनी भीड घातली म्हणून. फिलाडेल्फियाजवळचं, क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी १८३३ मध्ये काढलेलं, जेमतेम चौदाशे मुलांचं. परीक्षेला वर्गात पर्यवेक्षक नसतो, मुलं वेळ ठरवून आपापला पेपर लिहितात. पण तुला सांगण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे. क्रिकेटचा अधिकृत कॉलेज-संघ असलेलं अमेरिकेतलं ते एकमेव कॉलेज. संघातल्या बऱ्याच जणांनी कॉलेजात यायच्या आधी बॅट हातात धरलेली नसते. तू आपल्या न्यू जर्सीतल्या एडिसनच्या पार्किंग लॉटमध्ये टेनिस बॉलवर खेळलायस, म्हणजे तिथे तू जाणकार! मितभाषी माणसाला "हे कसं करतात, दाखव ना" असं कुणी म्हणणं यासारखं औषध नाही.

निमित्ताचा आणखी एक प्रकार आहे, तो कुणी माहितीपत्रकात छापत नाही. नोकरी. माझ्या टेबलावर दरवर्षी दहा-बारा मुलं आठवड्याला आठ-दहा तास कामाला असायची. त्यातली निम्मी तरी तुझ्यासारखी. पुस्तकांची ढकलगाडी दोघांनी मिळून लावायची असा नियम मी केला होता. एकट्याने लवकर होतं, हे मलाही कळत होतं. परीक्षेच्या आठवड्यात मी घरून पोह्यांचा मोठा डबा न्यायचे, आणि त्या डब्यावरूनही दोन-चार मैत्र्या जमल्या. तेव्हा प्रवेश मिळाल्यावर पहिल्या आठवड्यातच काम माग. ग्रंथालय, प्रयोगशाळा, नाटकाचं सुतारकाम, काहीही. आर्थिक मदतीत वर्क-स्टडी (आवारात काम करून पैसे मिळवायची सोय) असेल तर उत्तमच.

आता दुसरी बाजू. ही जरा लांबणार आहे.

लहान जागेत लपता येत नाही. साताऱ्याला आमच्या वाड्यात दोन जावांचं भांडण झालं तरी सकाळी नळावर गाठ पडायचीच. पंधराशे मुलांच्या कॉलेजात जेवणाच्या जागा एक-दोन. ज्याच्याशी बिनसलं तो दिवसातून तीनदा समोर येतो. म्हणून कॉलेज बघायला मुक्कामाला जाशील तेव्हा हे नक्की विचार, की एका घोळक्यातून बाहेर पडलेला मुलगा पुढे कुठे जातो? काही ठिकाणी या प्रश्नाचं उत्तर नकाशावरच असतं. मॅसॅच्युसेट्समध्ये अ‍ॅमहर्स्ट, स्मिथ, माउंट होल्योक आणि राज्याचं विद्यापीठ यांच्यामध्ये बस फिरते, एकमेकांचे वर्ग घेता येतात. क्लेरमाँटला तर पाच कॉलेजं भिंतीला भिंत लागून आहेत. मॅकॅलेस्टर सेंट पॉल शहरातच आहे, दाराबाहेर शहराची बस. उलट ग्रिनेल बघ. आयोवात, मक्याच्या शेतांत, नऊ हजारांच्या आसपास वस्तीचं गाव, आवारातूनच रेल्वेचे रूळ गेलेले. तिथे बाहेर पळायला जागा नाही, त्यामुळे जे काही करायचं ते मुलांना तिथेच उभं करावं लागतं. काहींना ते फार मानवतं. तिथे पहिल्या सत्रातला एकच वर्ग सक्तीचा, आणि तो शिकवणारे प्राध्यापकच तुझे सल्लागार. हेही निमित्तच. मला ग्रिनेल तुझ्यासाठी वाईट वाटत नाही, पण फेब्रुवारीचा विचार करूनच हो म्हण.

फ्रॅटर्निटीचं (म्हणजे मुलांच्या निवडक मंडळांचं, ज्यांची स्वतःची घरं असतात) मात्र मी हात पोळलेत म्हणून सांगते. माझ्या मुलाच्या वेळी आम्ही रँकिंगचा आकडा बघितला आणि खूश झालो. कॉलेजचं नाव लिहीत नाही. पहिलं सत्र छान गेलं, मजल्यावर सात-आठ मित्र झाले. जानेवारीत रश (फ्रॅटर्निटीत नव्या मुलांची निवड) झाली, त्यातल्या सहा जणांना बिड (आमंत्रण) मिळाली, आणि महिन्याभरात त्याचा मजला रिकामा झाला. मुलं तीच, आवार तेच, पण संध्याकाळी ती दुसऱ्या घरांत. तो फोनवर सांगायचा, "आई, सगळं ठीक आहे." मीही ऐकून घेतलं. मेमध्ये सामान घेऊन परत आला, पुढच्या वर्षी दुसरीकडे बदली घेतली. त्याच्यात काही कमी होतं असं अजूनही त्याला वाटतं, आणि त्याचा मला राग येतो.

म्हणून हे आधी तपासून घे. विल्यम्सने १९६२ मध्ये फ्रॅटर्निटी मोडीत काढायचं ठरवलं, अ‍ॅमहर्स्टने १९८४ मध्ये त्या बंद केल्या. काही कॉलेजांत आजही निम्म्याहून जास्त मुलं त्यात असतात. हा आकडा लपवलेला नसतो. बहुतेक कॉलेजांचा "कॉमन डेटा सेट" नावाचा तक्ता निघतो, त्यातला एफ भाग काढ. फ्रॅटर्निटीत किती टक्के, आवारात राहणारे किती टक्के, दोन्ही तिथे सापडेल. आवारात राहणारे कमी असतील तर शनिवारी कॉलेज ओस पडतं, आणि शनिवारी ओस पडणारं लहान कॉलेज तुझ्यासारख्यासाठी फार वाईट. पण फ्रॅटर्निटी नाहीत म्हणजे गट नाहीत, असं समजू नकोस. विल्यम्स, अ‍ॅमहर्स्टसारख्या ठिकाणी साधारण एक तृतीयांश मुलं कुठल्या ना कुठल्या क्रीडासंघात असतात. सराव संपला की ती एकत्रच जेवायला येतात, एकाच टेबलावर. जेवणघरात उभं राहून दहा मिनिटं बघितलंस तर कळेल, ती टेबलं किती आहेत आणि उरलेली किती.

तुझ्या आईचा दुसरा प्रश्न, "आपली माणसं असतील का?" याचं खरं उत्तर असं, की एडिसनसारखी नसतील. एडिसनला तुला कधी स्वतःचं नाव फोड करून सांगावं लागलं नाही. तिथे पहिल्या आठवड्यात वीस वेळा सांगशील. साऊथ एशियन मंडळ असेल, त्यात पंधरा-वीस जण असतील, आणि मुंबई-पुण्याहून थेट आलेली मुलं तुला "आपली" वाटतीलच असं नाही. तुझं मराठी ऐकून ती हसतील. हसू देत. माझ्या टेबलावरची पुण्याची एक मुलगी आणि न्यू जर्सीतच जन्मलेला एक मुलगा दोन वर्षं एकमेकांना टाळत होते. शेवटी दिवाळीच्या जेवणाला तीस माणसांच्या पुऱ्या लाटायची वेळ आली, तेव्हा बोलले. तर आपली माणसं किती हे मोजू नकोस. त्यांची दिवाळी कोण करतं, ते विचार. मुलं स्वतः करत असतील तर चांगलं. नुसतं कार्यालय करत असेल आणि मुलं येऊन फोटो काढून जात असतील, तर फारसा उपयोग नाही.

आता जायचं कधी आणि बघायचं काय. उन्हाळ्यात जाऊ नकोस, तेव्हा आवारात फक्त गवत कापणारे असतात. सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरात जा, पण आधी त्यांचं कॅलेंडर बघ, कारण ऑक्टोबरच्या मध्यावर बऱ्याच ठिकाणी काही दिवसांची सुट्टी असते. उलटं चालत माहिती सांगणारा टूर गाइड निवडून घेतलेला असतो, बिचारा गोडच बोलणार. काही कॉलेजं एखाद्या विद्यार्थ्याच्या खोलीत एक रात्र राहू देतात. प्रवेश कार्यालयाला पत्र तू लिही, आईने नाही. शुक्रवार-शनिवार नको, मंगळवार माग. शनिवारी सगळीकडेच दिवे असतात.

मंगळवारी रात्री साडेनऊला कोण कुठे आहे ते बघ. सगळे खोल्यांत दार लावून, की एखाद्या मजल्यावर कुणी गिटार लावत बसलंय, कुणी गणित सोडवतंय आणि दार उघडं आहे? स्वच्छतागृहांच्या दारांवर चिकटवलेली पत्रकं वाच. हाताने लिहिलेली, पुढच्या तीन दिवसांची असतील तर जागा जिवंत आहे. जेवणघरात एकटा बस. कुणी येऊन बोललं तर चांगलंच, पण आणखी एक-दोन मुलं पुस्तक उघडून एकटी जेवत असतील आणि त्याचं कुणाला काही वाटत नसेल, तर तेही तितकंच चांगलं. कधी कधी तुला गप्प बसायचं असतं, ते मला माहीत आहे. आणि कुणालातरी विचार, "मागच्या वेळी तापाने पडला होतास तेव्हा जेवण कुणी आणून दिलं?" ज्याला लगेच नाव आठवतं त्याच्याशी आणखी थोडा वेळ बोल. मी असते तर ग्रंथालयाच्या टेबलावरच्या बाईंनाही विचारलं असतं.

अर्ली डिसिजनची (म्हणजे एकाच कॉलेजला आधीच अर्ज करून, मिळालं तर तिथेच येईन असा शब्द देण्याची) घाई करू नकोस. बहुतेक ठिकाणी तारीख १ किंवा १५ नोव्हेंबर असते, आणि तो शब्द बांधून घेतो. जिथे रात्र काढली नाहीस तिथे तो देऊ नकोस. बाकीच्यांची उत्तरं मार्चअखेरपर्यंत येतील, १ मेपर्यंत तुला वेळ आहे. बाबांना वाटतं उशीर म्हणजे संधी गेली. त्यांच्याशी मी बोलते.

रविवारी यादी घेऊन ये. बारातली चार मी आधीच खोडली आहेत, पण कोणती ते सांगणार नाही. तू कोणती खोडतोस ते बघायचं आहे.

तुझी,
मावशी

ता. क. ऑक्टोबरात हॅवरफर्डला जाशील तेव्हा आई-बाबांना फिलाडेल्फिया फिरायला पाठव, बॅट मात्र बरोबर ने. आणि माझा स्टीलचा डबा तुमच्याकडे मेपासून आहे, तो रविवारी आण.