वाचकांचे प्रश्न : आधी ओझे, मग इमारत

प्रश्न : प्लॉटवर वरचा एक मीटर टणक आहे, त्याखाली ६ मीटर मऊ चिकणमाती लागली. ठेकेदार म्हणतो, मुरूम टाकून जड रोलर फिरवला की जमीन पक्की होईल. एवढे पुरते का?

नाही. रोलर एका वेळी २०-३० सेंमीचा थर नीट दाबतो. खालच्या चिकणमातीपर्यंत त्याचा जोर पोहोचत नाही. शिवाय रोलर मातीतली हवा बाहेर काढतो आणि पाण्याखालच्या चिकणमातीत हवा जवळजवळ नसतेच. तिच्या पोकळ्यांत पाणी असते. ते दबत नाही, निघूनच जावे लागते आणि चिकणमातीतून ते फार सावकाश झिरपते. रोलरच्या फेऱ्या वाढवत नेल्या तर जमीन रबरासारखी हलू लागते आणि वरचा टणक थरही मोडतो. तो थर जपा. पुढची सगळी यंत्रे त्याच्याच जिवावर उभी राहणार आहेत.

प्रश्न : प्रयोगशाळेच्या अहवालात सीसी ०.५, व्हॉइड रेशो १.५ आणि सीव्ही वर्षाला १ चौरस मीटर असे आकडे आहेत. यावरून काय समजायचे?

जमीन किती बसेल आणि किती काळ बसत राहील, हे दोन्ही. सीसी म्हणजे ओझ्याखाली माती किती दबते याचा अंक, व्हॉइड रेशो म्हणजे मातीतल्या पोकळ्यांचे घन कणांशी प्रमाण, आणि सीव्ही म्हणजे पाणी निघून माती किती वेगाने बसते याचा अंक. थराच्या मध्यावर आजचा परिणामी दाब (पाण्याचा दाब वजा करून मातीच्या कणांवर उरणारा) ३० किलोपास्कल धरू. घर आणि जागेवर कायम राहणारा भराव मिळून आणखी ३० येतील असे मानू. या मातीने पूर्वी कधी जास्त ओझे सोसलेले नसेल, तर सीसी ०.५ × जाडी ६ ÷ २.५ (१ अधिक व्हॉइड रेशो) × लॉग (६०/३०), म्हणजे जमीन सुमारे ३६ सेंमी बसेल. सगळीकडे सारखे बसले तरी नळजोडण्या तुटतील. पण सारखे कधीच बसत नाही, आणि भिंतींना तडे जातात ते या फरकामुळे.

काळाचे गणित मृदा-यांत्रिकीचे अभियंते कार्ल तेरझागी यांचे. ९० टक्के बसायला लागणारा काळ म्हणजे ०.८४८ गुणिले पाण्याच्या वाटेच्या लांबीचा वर्ग, भागिले सीव्ही. थराच्या वर आणि खाली दोन्हीकडे वाळू असेल तर वाट ३ मीटरची, काळ साडेसात वर्षांहून थोडा जास्त. खाली अभेद्य खडक असेल तर वाट ६ मीटरची आणि काळ ३० वर्षे. वाट दुप्पट झाली की काळ चौपट होतो. म्हणून माती तपासणीचे बोअर (खोल छिद्र) घेताना थराखाली काय आहे ते पाहिल्याशिवाय थांबू नये.

प्रश्न : मग बांधण्याआधीच जमीन बसवून घेता येते का? क्रम कसा असतो?

येते. जागेवर इमारतीपेक्षा जास्त वजनाचा भराव ठेवायचा, मातीतल्या पाण्याला जवळची वाट करून द्यायची आणि थांबायचे.

गवत-मुळे काढून आधी ४०-५० सेंमी स्वच्छ जाड वाळू पसरा. वाळूत गाळ असेल तर पुढचा सगळा खर्च वाया जातो, कारण वर आलेले पाणी तिथेच अडते. मग पट्टीचे ड्रेन : १० सेंमी रुंद, ३-४ मिमी जाड प्लास्टिकचा गाभा आणि त्याभोवती गाळणीचे कापड. पोलादी पोकळ नळीतून ते थराच्या तळापर्यंत खुपसतात. त्रिकोणी मांडणीत १.२ मीटर अंतर ठेवले तर २०० चौरस मीटरला सुमारे १६० ड्रेन लागतात. वरचे टोक वाळूत २०-३० सेंमी राहिले पाहिजे. अंतर फार कमी करून उपयोग नाही : नळी घुसताना भोवतालची माती चुरडली जाते आणि तिचा निचरा मंदावतो. ड्रेन अर्ध्यातच थांबले तर खालचा भाग जुन्याच गतीने बसत राहतो. ओसाकाच्या उपसागरातल्या कान्साई विमानतळाच्या बेटाखाली वरची चिकणमाती वाळूच्या ड्रेनमुळे लवकर बसली. खोलवरचे थर मात्र पुढे अनेक वर्षे बसत राहिले.

जमीन किती बसते ते मोजायला भरावाआधी सेटलमेंट प्लेटी ठेवायच्या : पोलादी पत्रा, त्यावर उभी सळई आणि सळईभोवती सैल पाइप. पातळीची खूण भरावापासून दूर, पक्क्या जागी हवी. ती खूणच बसली तर सगळी मोजणी खोटी.

आपल्या उदाहरणात एकूण ५० किलोपास्कल, म्हणजे वाळूसह सुमारे २.८ मीटर भराव. पण मातीची कातरण्याला (सरकण्याला) विरोध करण्याची ताकद १५ किलोपास्कल असेल तर ४.३ मीटरच्या आसपास जमीन खालून सरकते. दीडपट सुरक्षितता धरली तर २.८ मीटर ही मर्यादाच झाली. म्हणून आधी १.५ मीटर, मग पिझोमीटरमधला (मातीतल्या पाण्याचा दाब मोजणाऱ्या उपकरणातला) दाब उतरेपर्यंत थांबा, मग उरलेला. भरावाच्या पायथ्याशी जमीन फुगली किंवा माथ्यावर लांबट भेगा दिसल्या तर त्याच दिवशी काम थांबवा, थोडा भराव उतरवा.

माथा इमारतीच्या कडेपलीकडे २-३ मीटर जाऊ द्या, नाहीतर कडा कमी बसतात. लगत कोणाचे घर असेल तर तेही बसेल, त्यामुळे तिथे ही पद्धत नको. आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते : मधला भाग जास्त बसून वाळूच्या थराची परात होते, पाणी मध्येच साचते. तिथे आधीच उभा पाइप ठेवून पंपाची सोय करा.

प्रश्न : भराव कधी काढायचा? तीन महिने पुरतील का?

कॅलेंडर नाही, मोजणी बघा. ५० किलोपास्कलखाली शेवटी सुमारे ५१ सेंमी बसेल. आपल्याला हवे ३६, म्हणजे ७० टक्के. या ड्रेनांनी त्याला साधारण सहा महिने ते वर्ष लागते. माती पाणी निघून गेल्यावरही थोडी सावकाश बसत राहते, म्हणून ४० सेंमीपर्यंत थांबणे बरे. अंतिम आकडा प्रत्यक्ष मोजणीवरून काढता येतो : भराव पूर्ण झाल्यावर ठरावीक अंतराने घेतलेले प्रत्येक मोजमाप आधीच्या मोजमापासमोर मांडा. बिंदूंची सरळ रेषा ४५ अंशांच्या रेषेला जिथे छेदते, तिथे बसणे संपते. ड्रेन नसतील तर हा हिशेब फसवा : थराचा मध्य मागे पडलेला असतो आणि सरासरी बरी दिसली तरी भराव काढल्यावर तो बसत राहतो.

प्रश्न : थेट पाइल (पक्क्या थरापर्यंत जमिनीत नेलेले खांब) टाकले तर हे सगळे टळेल ना?

इमारतीपुरते टळेल, जागेवर नवा भराव नसेल तर. भराव टाकून लगेच पाइल घेतले, तर बसणारी माती पाइलला धरून खाली ओढते आणि तो भार इमारतीच्या भाराखेरीज येतो. घर जागच्या जागी राहते, अंगण बसते, पायरी लटकते आणि सांडपाण्याची नळी भिंतीपाशी मोडते.

प्रश्न : खड्ड्यात काळी, तंतू असलेली, कुजक्या वासाची माती निघाली. तिलाही ओझे ठेवायचे का?

दोन-तीन मीटरच असेल तर पूर्ण काढून दाणेदार भराव थराथराने दाबा. ही माती पाणी निघून गेल्यावरही वर्षानुवर्षे बसत राहते. खोल असेल तर ओझ्याच्या भरवशावर बसू नका, पक्क्या थरापर्यंत पाइल घ्या.