जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर पालक म्हणून निवड झाली आहे. मुलांच्या सुरक्षिततेसाठी नेमकं काय तपासावं?

आधी रजिस्टरं मागू नका. एक अख्खा दिवस शाळेत जाऊन बसा, तेही पहिल्या घंटेच्या अर्धा तास आधीपासून. बहुतेक अपघात तास चालू असताना होत नाहीत. कुणाचंच लक्ष नसतं अशा वेळी ते होतात: शाळा उघडायच्या आधी, मधल्या सुट्टीत, शाळा सुटल्यावर. त्यात दोनशिक्षकी शाळा असली आणि एक गुरुजी बैठकीला गेले, की सगळे वर्ग एकाच माणसाच्या अंगावर पडतात. अशा वेळी पोरं कुठे पांगतात ते पाहा. ती जिथे जातात तिथूनच तुमच्या कामाला सुरुवात करा.

बऱ्याच ठिकाणी ती पडक्या खोलीच्या सावलीत असतात. खोलीचं निर्लेखन, म्हणजे ती बाद ठरवून पाडायचा निर्णय, मंजूर झालं तरी ती प्रत्यक्ष पाडेपर्यंत बराच काळ जातो. तोवर नुसती दोरी बांधून उपयोग नाही. भिंत जितकी उंच, निदान तितकं अंतर सोडून पत्र्याचं किंवा तारेचं कुंपण घाला आणि खोली लवकर पाडण्याचा ठराव ग्रामसभेत घ्या.

शौचालयात स्वतः आत जाऊन कडी लावून बघा. गंजलेली कडी पहिलीतल्या मुलाच्या बोटांनी सरकत नाही. मग एक तर मूल आत अडकतं, नाही तर दार उघडंच ठेवतं. कडी मुलाच्या खांद्याच्या उंचीवर हवी आणि अडचणीच्या वेळी मोठ्या माणसाला बाहेरून उघडता आली पाहिजे. आत पाणी नसलं की मुली दिवसभर लघवी धरून ठेवतात आणि त्यासाठी पाणी पिणंच टाळतात. पोटदुखी आणि लघवीची जळजळ तिथूनच सुरू होते. हे कुणी तोंडाने सांगणार नाही. शाळा सुटताना पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन बघा. त्या भरलेल्याच घरी परत जात असतील तर शौचालयात काहीतरी बिघडलंय हे नक्की.

पाण्याच्या टाकीला घट्ट झाकण आहे का, ते वर चढून बघा. स्वच्छ दिसणाऱ्या 1000 लिटर पाण्याला चांगल्या प्रतीची सुमारे 2.5 ग्रॅम ब्लीचिंग पावडर पुरते. पावडर थेट टाकीत टाकू नका. बादलीत थोड्या पाण्यात कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी टाकीत ओता आणि तासभर नळ बंद ठेवा. उघड्या पिशवीतल्या पावडरीतलं क्लोरीन उडून जातं, मग कितीही टाकली तरी उपयोग होत नाही. म्हणूनच नळाच्या पाण्यात क्लोरीन उरलंय का ते दाखवणारी ओटी चाचणी ग्रामपंचायतीकडून करून घ्या.

आता पोषण आहार. इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. पहिली ते पाचवीच्या एका मुलामागे दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी आणि 5 ग्रॅम तेल हे केंद्राचं प्रमाण आहे. म्हणजे 60 मुलं हजर असतील तर 6 किलो तांदूळ, 1 किलो 200 ग्रॅम डाळ, 3 किलो भाजी. महिन्याचा हिशोब कागदावर बघण्यापेक्षा एक दिवस काट्यावर मोजून घ्या. पण मापापेक्षा महत्त्वाची आहे ती साठवण. 16 जुलै 2013 रोजी बिहारमधल्या सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावच्या शाळेत 23 मुलं दुपारचं जेवण जेवून दगावली. अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडलं. तेलाबद्दल स्वयंपाकिणीने शंका काढली होती, तरी स्वयंपाक झाला. आपल्याकडेही गावागावांत फवारणीचे रिकामे डबे धुऊन पुन्हा वापरतात. असा एकही डबा शाळेच्या आवारात दिसता कामा नये.

मुलांना वाढण्याआधी शिक्षकासह दोन-तीन मोठ्या माणसांनी जेवण चाखायचं, हा नियमच आहे. सही करून भागत नाही, घास खाल्ला पाहिजे आणि मग थोडं थांबलं पाहिजे. वासाबद्दल, रंगाबद्दल खिचडी शिजवणाऱ्या ताईंना शंका आली तर त्या दिवशीचं जेवण थांबवायचा अधिकार त्यांना द्या. तसा ठराव समितीच्या इतिवृत्तात लिहून ठेवा, नाही तर मानधनावरच्या बाईला मुख्याध्यापकांपुढे बोलायचं धाडस होत नाही. खिचडीचं पातेलं पोरांच्या रांगेतून नेऊ देऊ नका. भाजलंच, तर वाहत्या गार पाण्याखाली 20 मिनिटं धरा. टूथपेस्ट, हळद, शाई काहीही लावू नका. कुत्रं चावलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्यात 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा, ओरखडा छोटा दिसत असला तरी.

ऑगस्ट 2024 मधल्या बदलापूरच्या प्रकरणानंतर राज्य सरकारने सीसीटीव्ही, तक्रारपेटी आणि कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासणी यांबाबत शाळांना आदेश दिले. पेटी असावीच. पण पहिली-दुसरीतलं मूल चिठ्ठी लिहीत नाही, आणि पेटी मुख्याध्यापकांच्या दारासमोर असली तर मोठी मुलंही त्यात काही टाकत नाहीत. म्हणून प्रत्येक मुलाला विचारा, “तुला शाळेत काही झालं तर कुणाला सांगशील?” ज्याला एकही नाव सुचत नाही, त्याच्याकडे आधी लक्ष द्या.

मुलाने काही वाईट घडल्याचं सांगितलं तर त्याचेच शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा. खोदून खोदून विचारू नका, आणि “कुणाला सांगणार नाही” असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पॉक्सो कायदा, 2012 च्या कलम 19 नुसार नुसती शंका असली तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हाताखालच्या माणसाबद्दलची तक्रार दाबणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. गावात बसून प्रकरण मिटवायचा अधिकार समितीला नाही, सरपंचालाही नाही. मुलाला ठाण्यात न्यावं लागेल या भीतीने पालक मागे सरतात. त्यांना सांगा, जबाब घरीच घेता येतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेशाविना. चाइल्ड हेल्पलाइनचा 1098 हा क्रमांक भिंतीवर मुलांच्या नजरेच्या उंचीला रंगवून घ्या. आणि मुलाचं नाव गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाऊ देऊ नका, ओळख उघड करणं हा गुन्हा आहे.

छडी मारणं आणि अपमान करणं यांवर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने बंदी आहे. “आमच्या वेळी असंच होतं” हे ऐकून गप्प बसू नका.

निधी कमी असेल तर माझ्या मते खर्चाचा क्रम असा ठेवा: शौचालयाच्या कड्या आणि पाणी, टाकीचं झाकण, पडक्या खोलीचं कुंपण, फाटक. कॅमेऱ्यांचा आदेश पाळायचाच आहे, त्यासाठी ग्रामपंचायतीकडे वेगळा निधी मागा. मधल्या सुट्टीत कोण कुठे उभं राहणार याचं वेळापत्रक मात्र फुकट होतं. ते पहिल्याच बैठकीत करून घ्या.