एच-४ व्हिसावर कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजात प्रवेश कसा घ्यावा आणि फी किती पडते?

तुम्ही पुण्याच्या बी.कॉम. आहात, लग्नानंतर मागच्या नोव्हेंबरात एच-४ व्हिसावर (एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या जोडीदाराला मिळतो तो) कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलला आलात आणि ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होणाऱ्या सत्रापासून अकाउंटिंग शिकण्याचा तुमचा विचार आहे. अर्ज कसा करायचा, फी किती येईल आणि शिष्यवृत्ती मिळेल का, असे तीन प्रश्न तुम्ही विचारले आहेत. मी नाशिकहून याच व्हिसावर इथे आले, याच भागातल्या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांपर्यंतचे अभ्यासक्रम असलेल्या सरकारी कॉलेजात) शिकले आणि एका न पाहिलेल्या अटीपायी पहिल्याच सत्रात बरेच पैसे घालवून बसले. त्यामुळे उत्तर थोडे लांबले तरी समजून घ्यावे.

अर्ज हा या सगळ्यातला सर्वांत सोपा भाग आहे. आपल्याकडे प्रवेश म्हटला की टक्केवारी, कट-ऑफ, गुणवत्ता यादी आणि शेवटच्या दिवशीची रांग डोळ्यांसमोर येते, पण इथे त्यातले काहीही नाही. कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजे आहेत, त्यांचा कायदाच सर्वांना प्रवेश देण्याचा आहे, आणि बहुतेक सर्व कॉलेजांचा अर्ज ‘सीसीसी अप्लाय’ या एकाच संकेतस्थळावरून विनाशुल्क भरता येतो. अर्ज भरून देण्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका. सोशल सिक्युरिटी क्रमांक नसला तरी अर्ज अडत नाही, क्रमांक नसल्याची खूण करून पुढे जाता येते. कोणत्या वर्गात बसवायचे हे ठरवणाऱ्या इंग्रजी आणि गणिताच्या चाचण्याही २०१७ च्या एका राज्य कायद्यानंतर जवळपास बंद झाल्या आहेत. एक चूक मात्र हमखास होते. व्हिसाच्या प्रश्नापाशी ‘शिकायचे आहे’ म्हणून आपण विद्यार्थी व्हिसाचा पर्याय निवडतो. तो एफ-१ वाल्यांसाठी असतो. एच-४ हा विद्यार्थी व्हिसा नव्हे, आणि तो पर्याय निवडला तर अर्ज परदेशी विद्यार्थ्यांच्या विभागाकडे जातो, तिथून आय-२० साठी, म्हणजे विद्यार्थी व्हिसाला लागणाऱ्या कॉलेजच्या पत्रासाठी, बँकेतल्या शिलकीचे दाखले मागणारी पत्रे यायला लागतात. एच-४ वर पूर्णवेळ किंवा अर्धवेळ शिकायला वेगळी परवानगी लागत नाही.

फीचे उत्तर मात्र एका आकड्यात देता येत नाही, कारण एकाच वर्गात शेजारी बसलेल्या दोन विद्यार्थ्यांची फी आठपटीनेही वेगळी असू शकते. राज्याच्या रहिवाशाला सेमिस्टर पद्धतीच्या (वर्षात दोन मोठी सत्रे असलेल्या) कॉलेजात प्रत्येक युनिटला, म्हणजे विषयाचे वजन मोजण्याच्या एककाला, ४६ डॉलर पडतात, आणि हा दर २०१२ च्या उन्हाळ्यापासून तसाच आहे. तुमच्या जवळची क्युपर्टिनोची डी अँझा आणि लॉस आल्टोस हिल्सची फूटहिल ही दोन्ही कॉलेजे क्वार्टर पद्धतीची (त्याहून लहान सत्रांची) असल्यामुळे तिथे युनिट लहान असते आणि त्याचे ३१ डॉलर होतात. सँटा क्लाराचे मिशन आणि सॅराटोगाचे वेस्ट व्हॅली ही कॉलेजे सेमिस्टरची आहेत. म्हणजे क्वार्टर कॉलेजातला पाच युनिटांचा अकाउंटिंगचा पहिला विषय रहिवाशाला १५५ डॉलरला पडतो, वर आरोग्यशुल्क आणि किरकोळ रकमा. अनिवासी विद्यार्थ्याला हे ४६ किंवा ३१ डॉलर तर भरावेच लागतात, शिवाय अनिवासी शुल्क वेगळे, आणि ते सेमिस्टर कॉलेजांत साधारणपणे प्रति युनिट तीनशे-चारशे डॉलरांच्या घरात असते. चार युनिटांच्या एका विषयाचे रहिवाशाला १८४ डॉलर होतात, तर अनिवासी माणसाचे दीड हजारांच्या आसपास. एवढा हिशेब केलात की माझे सगळे म्हणणे रहिवासावर का येऊन थांबते हे लक्षात येईल.

नियम असा आहे की सत्र सुरू होण्याच्या आदल्या दिवशी तुम्हाला कॅलिफोर्नियात राहून एक वर्षाहून अधिक काळ झालेला असला पाहिजे, आणि इथेच कायम राहण्याचा तुमचा इरादा कागदपत्रांतून दिसला पाहिजे. सगळ्यांना वाटते की व्हिसा तात्पुरता असल्यामुळे रहिवासी म्हणून आपला विचारच होणार नाही, पण ते खरे नाही. बी-२ (पर्यटक), एफ-१ (विद्यार्थी), एफ-२ (विद्यार्थ्याचा जोडीदार), जे-१ (देवाणघेवाण कार्यक्रम) अशा काही व्हिसांवर असा इरादा धरताच येत नाही. एच-१बी आणि एच-४ त्या यादीत नाहीत. तुमच्या बाबतीत एच-४ वरच येणे झाले हे बरे झाले. ज्या मुली आधी एफ-२ वर येतात आणि नवऱ्याचा एच-१बी झाल्यावर एच-४ वर जातात, त्यांचे एफ-२ वरचे दिवस या वर्षात धरले जात नाहीत, आणि ‘आम्ही तर तीन वर्षे इथेच आहोत’ हा त्यांचा युक्तिवाद तिथे टिकत नाही.

आता तुमच्या तारखा पाहू. नोव्हेंबरात आलात म्हणजे ऑगस्टमधले सेमिस्टर किंवा सप्टेंबरअखेरचे क्वार्टर सुरू होईल तेव्हा वर्ष भरलेले नसेल, आणि तुम्ही अनिवासी ठराल. जानेवारीत सुरू होणाऱ्या सत्राला मात्र वर्ष पूर्ण झालेले असेल. चार महिने थांबल्याने फी आठव्या-नवव्या हिश्शावर येणार असेल तर थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मी थांबले नव्हते. घरात बसून कंटाळा आला होता, नवरा म्हणाला ‘भरून टाकू’, आणि एका विषयासाठी आम्ही जे भरले त्यात पुढचे सगळे विषय झाले असते.

पण माझा खरा पश्चात्ताप त्याच्या पुढच्या सत्राचा आहे. तेव्हा वर्ष उलटून गेले होते, तरीही मी अनिवासीच ठरले, कारण वर्ष नुसते काढून चालत नाही, ते स्वतःच्या नावावर दाखवावे लागते. कॉलेजच्या प्रवेश कार्यालयातल्या खिडकीपलीकडच्या बाईंनी भाडेकरार हातात घेतला, पेन्सिलीचे मागचे टोक एकेका नावावरून खाली नेले, आणि शेवटच्या ओळीवर थांबून अतिशय सौजन्याने विचारले, “यात तुम्ही कुठे आहात?” मी कुठेच नव्हते. करार मी येण्याआधीचा होता, बँकेचे खाते नवऱ्याचे, वीजबिल नवऱ्याचे, गाडी नवऱ्याची, आणि माझ्याकडे लायसन्सही नव्हते, कारण गाडी शिकायची मला धास्ती वाटत होती. त्यांनी आणखी काही आहे का म्हणून विचारले, तेव्हा मी ग्रंथालयाचे कार्ड पुढे केले होते, ते आठवले की अजून हसू येते.

म्हणून अर्जापेक्षा आधी ही कामे करा. भाडेकराराच्या नूतनीकरणाची वाट न पाहता व्यवस्थापनाला सांगून तुमचे नाव करारात घालून घ्या. बँकेत संयुक्त खाते काढा आणि विवरणपत्र दोघांच्या नावे येऊ द्या. कॅलिफोर्नियाचे लायसन्स काढा, चालवायचे नसेल तर निदान राज्याचे ओळखपत्र काढा. आय.टी.आय.एन. (सोशल सिक्युरिटी क्रमांक नसलेल्यांना मिळणारा करक्रमांक) घेऊन संयुक्त करविवरणपत्र भरले असेल तर राज्याच्या विवरणपत्राची प्रत जपून ठेवा. पासपोर्ट आणि आय-९४ (देशात प्रवेश केल्याची नोंद) हे कागद लागतातच, आणि एच-४ मंजुरीचे आय-७९७ असेल तर तेही. या कागदांवरच्या तारखा जितक्या जुन्या तितके चांगले, त्यामुळे आठ महिने झाले असले तरी उरलेली कामे याच आठवड्यात उरका. कोणता कागद किती वजनाचा मानायचा हे त्या त्या कॉलेजाच्या प्रवेश कार्यालयावर अवलंबून असते, तेव्हा अर्ज केल्यावर रहिवासाचा जो फॉर्म येईल तो काळजीपूर्वक वाचा.

यातच आपल्या नावांचा घोळ येतो. माझ्या गुणपत्रिकेवर माहेरचे आडनाव आधी, मग माझे नाव, मग वडिलांचे. पासपोर्टवर माझे आणि नवऱ्याचे नाव एकाच रकान्यात, आडनाव सासरचे. बँकेने मधले नाव गाळले, आणि लायसन्सवर ते आद्याक्षर होऊन बसले. इथल्या संगणकाच्या दृष्टीने या चार वेगळ्या बायका होत्या. कॉलेजचा अर्ज पासपोर्टवर आहे तसाच, अक्षर न् अक्षर भरा, जुन्या नावाचा रकाना असतो तिथे माहेरचे नाव लिहा, आणि विवाह नोंदणीचा दाखला व नावबदलाचे राजपत्र केले असेल तर तेही स्कॅन करून हाताशी ठेवा.

पदवीचे काय करायचे हेही यालाच जोडून सांगते. एखादा विषय नुसता शिकायला पुण्याची पदवी दाखवण्याची गरज नाही. मात्र इथली असोसिएट (दोन वर्षांची) पदवी घेताना जुने विषय वळते करून घ्यायचे असतील, किंवा पुढे सी.पी.ए. (आपल्याकडच्या सी.ए. सारखी इथली पात्रता) चा विचार असेल, तर पदवीचे मूल्यांकन एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेकडून करून घ्यावे लागते. त्यासाठी घरातली गुणपत्रिका चालत नाही, विद्यापीठाने थेट पाठवलेली किंवा मोहोरबंद केलेली ट्रान्स्क्रिप्ट लागते. पुढच्या भारतफेरीत गणेशखिंडीतल्या पुणे विद्यापीठातले हे काम आधी करा, लग्नकार्ये आणि खरेदी नंतर. अकाउंटिंगची कमी पडणारी युनिटे इथल्या कम्युनिटी कॉलेजातून पुरी करणाऱ्या आपल्याकडच्या बी.कॉम. मुली मी बऱ्याच पाहिल्या आहेत. मी स्वतः आयकराचे विषय घेतले, कारण एन्रोल्ड एजंटच्या (अमेरिकेच्या आयकर खात्याने मान्यता दिलेल्या करसल्लागाराच्या) परीक्षेला पदवीची अटच नाही.

शिष्यवृत्तीच्या बाबतीत फारशी आशा धरू नका. अमेरिकेच्या केंद्र सरकारची पेल ग्रँट ही शिक्षणासाठीची मदत एच-४ धारकाला मिळत नाही, आणि पुढे ग्रीन कार्ड आले तरी तुम्हाला मिळणार नाही, कारण ती पहिली पदवी नसलेल्यांसाठी असते आणि परदेशातली पदवीही त्यात धरली जाते. राज्याची फीमाफी आहे, पण ती रहिवाशांसाठी आणि कमी उत्पन्नाच्या घरांसाठी आहे. एका इंजिनिअरच्या पगारावर चालणारे इथले घर सहसा त्यात बसत नाही. कॉलेजांच्या फाउंडेशनच्या (देणग्या गोळा करणाऱ्या संस्थांच्या) छोट्या शिष्यवृत्त्या असतात, त्यांतल्या काहींना नागरिकत्वाची अट नसते, आणि एकच अर्ज भरून अनेकींसाठी विचार होतो, तेव्हा एक संध्याकाळ त्यासाठी जरूर द्या. खरी बचत पुस्तकांत होते. वेळापत्रकात काही वर्गांपुढे पुस्तकखर्च शून्य असल्याची खूण असते. अकाउंटिंगचे एक पुस्तक आणि त्याचा ऑनलाइन कोड कधी कधी रहिवाशाच्या फीएवढाच पडतो, म्हणून तसा वर्ग मिळाला तर तो आधी घ्या.

जानेवारीपर्यंत रिकामे बसण्याचे कारण नाही. कम्युनिटी कॉलेजांच्या ‘नॉनक्रेडिट’ वर्गांना, म्हणजे ज्यांची युनिटे मिळत नाहीत अशा वर्गांना, शिक्षणशुल्क नसते, आणि स्थानिक शाळा चालवणाऱ्या मंडळांच्या प्रौढ शाळांतही बरेच वर्ग फुकट किंवा नाममात्र दरात असतात. इंग्रजी संभाषणाचा एखादा वर्ग तुम्हाला गरजेचा वाटणार नाही, मलाही वाटला नव्हता. पण वर्गात हात वर करून प्राध्यापकांना मध्येच प्रश्न विचारण्याची सवय मला तिथे लागली, आणि नाशिकच्या कॉलेजात तीन वर्षांत मी ते एकदाही केले नव्हते.

नोकरीचा गैरसमज राहू नये म्हणून सांगते: इथे शिकल्याने एच-४ वर काम करण्याची परवानगी मिळत नाही, कॉलेजच्या आवारातल्या तासिक कामाचीसुद्धा नाही. त्यासाठी एच-४ ई.ए.डी. (कामाचा परवाना) लागते, आणि ती बहुतांशी पतीची आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेली याचिका, मंजूर झाल्यानंतरच मागता येते.

जानेवारीच्या सत्राची नोंदणी नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होते, म्हणून अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरातच करून टाका. नव्या विद्यार्थ्याला ओरिएंटेशन आणि समुपदेशकाबरोबरचा शैक्षणिक आराखडा पूर्ण केल्यावर नोंदणीची बरी तारीख मिळते. समुपदेशकाची वेळ फुकट असते आणि लवकर संपते. वर्ग भरलेला दिसला तर प्रतीक्षायादीत नाव घाला आणि पहिल्या दिवशी वर्गात जाऊन बसा, कारण त्या दिवशी न आलेल्यांची नावे प्राध्यापक काढतात आणि त्या जागी हजर असलेल्यांना घेतात. विषय झेपणार नाही असे वाटले तर साधारण पहिल्या दोन आठवड्यांत सोडला की फी परत मिळते. नक्की तारीख विद्यार्थी पोर्टलवर त्या वर्गाच्या नावापुढेच दिलेली असते, आणि ती उलटल्यावर नुसते वर्गाला जाणे बंद केले तर पैसेही जातात आणि प्रगतिपत्रकावर एफ (नापास) येऊ शकतो.